सावत्र वडिलांनी मुलाच्या हाती दारूचा ग्लास दिला, तर ताबा कोणाकडे?

तलाक किंवा खुला झाला, मूल अम्मीकडे राहिलं. दोन-तीन वर्षांनी अम्मीचा दुसरा निकाह झाला. सगळं ठीक चाललं होतं, आणि एक दिवस अब्बूंच्या कानावर येतं की थर्टी फर्स्टच्या रात्री, नाहीतर कुठल्या हळदीच्या कार्यक्रमात, सावत्र वडिलांनी पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती बिअरचा ग्लास दिला. “एवढ्यानं काय होते, आता मोठा झाला तो,” असं म्हणून सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. कधी हे उलटही होतं. मूल सुटीत अब्बूंकडे जातं आणि तिथं नव्या घरातलं कुणीतरी त्याला “एक घोट घे” म्हणतं.

मग दोन्हीकडे झोप उडते. अब्बूंना वाटतं, आजच जाऊन पोराला उचलून आणावं. अम्मीला वाटतं, हे बाहेर गेलं तर पोरगाही जाईल आणि संसारही. नाना-नानी, दादा-दादी आपापल्या बाजूनं तेल ओततात. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो नववी-दहावीतला पोरगा गप्प होतो. शाळेत असं गप्प झालेलं लेकरू आम्हा शिक्षकांना लवकर ओळखू येतं. घरात काय चाललंय ते मात्र फार उशिरा कळतं.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, शरियतमध्ये काय आहे, कोर्ट काय बघतं आणि भंडारा जिल्ह्यातल्या पालकानं पहिलं पाऊल कुठं टाकायचं, हे या लेखात क्रमानं बघू. एक गोष्ट आधीच सांगतो. कोर्टापुढचा खरा प्रश्न “सावत्र की सख्खा” हा नसतो. “हे लेकरू कोणत्या घरात सुरक्षित आहे, आणि घटना कळल्यावर कोणी काय केलं?” हा असतो.

सगळ्यात आधी लेकराची तब्येत

घटना त्याच रात्रीची असेल तर भांडण सकाळी करा. मूल उठवून उठत नाही, श्वास मंद किंवा अडखळत चाललाय, अंग थंड पडलंय, ओठ निळसर दिसतात, सारख्या उलट्या होतात, यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या. तोवर त्याला एका कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात बोटं घालून उलटी काढायला लावू नका. कॉफी पाजून, थंड पाणी ओतून नशा उतरत नाही. “झोपू द्या, सकाळी ठीक होईल” म्हणून एकट्याला सोडू नका.

आपल्या भागात मोहाची दारू “घरची आहे, औषधासारखी आहे” म्हणून दिली जाते. घरी गाळलेल्या दारूत किती नशा आहे याचं माप कोणाकडे नसतं. चोरून विकल्या जाणाऱ्या दारूत तर मिथेनॉलसारखं विषही असू शकतं. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. मिथेनॉलचा त्रास काही तासांनी सुरू होतो आणि नजर धूसर होते. म्हणून दुसऱ्या दिवशीसुद्धा मूल “डोळ्यासमोर अंधारी येते” म्हणालं तर दवाखाना गाठायचाच.

दवाखान्यात खरं सांगा. बदनामीच्या भीतीनं “पित्त झालं” सांगितलं तर उपचार चुकतो. शिवाय पुढं हीच तारखेची केस-पेपरची चिठ्ठी कोर्टात सर्वांत भरवशाचा कागद ठरते.

दारू पाजणं हा गुन्हा आहे, पाजणारा कोणीही असो

अनेकांना वाटतं, बाहेरच्यानं दारू विकली तर गुन्हा, घरच्यानं दिली तर घरचा मामला. तसं नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ मधलं कलम ७७ सांगतं की डॉक्टरांच्या आदेशाशिवाय जो कोणी मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथं मूल म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. मुलगा मिशी फुटलेला असो की मुलगी बालिग झालेली असो, या कायद्यापुढं ते मूलच. “जो कोणी” या शब्दांत सावत्र बाप, सख्खा बाप, मामा, काका, शेजारी सगळे येतात. आणि हो, हातात खर्र्याची पुडी देणाराही येतो.

दुसरं कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्यानं त्याला त्रास होईल असं वागवलं किंवा त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर ते लागू होतं. सावत्र पालक कागदोपत्री पालक नसला तरी मूल त्याच्या घरात, त्याच्या देखरेखीत असेल तर त्याला “माझा काय संबंध” म्हणता येत नाही.

ही कलमं नुसती पुस्तकात नाहीत. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या प्रकरणात पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर, आणि ज्या ठिकाणी त्याला दारू दिल्याचा आरोप होता तिथल्या लोकांवर कलम ७५ आणि ७७ लावली. तिथं सावत्रपणाचा प्रश्न नव्हता. मोठ्या माणसांची जबाबदारी कुठवर जाते, हे मात्र अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं.

“पण भंडाऱ्यात दारूबंदी कुठं आहे?” असंही विचारलं जातं. विदर्भात वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. भंडारा जिल्ह्यात बंदी नाही, हे खरं. पण जिथं दारू चालते तिथंही राज्याच्या नियमानं बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं, आणि इतर दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. पंधरा वर्षांच्या पोराला ग्लास देणं राज्यातल्या कोणत्याच जिल्ह्यात कायदेशीर नाही.

एक अडचण माहीत असू द्या. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र ठरवले गेले. त्यामुळे ठाण्यात “एनसी” नोंदवून परत पाठवलं जाण्याची शक्यता असते. याचा अर्थ तक्रार संपली असा नाही. एनसीची प्रत घ्या आणि वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. कधी कधी मोठा माणूस मुलाला किंवा मुलीला चोरून दारू देतो ते पुढच्या वाईट हेतूनं. मूल त्या माणसाजवळ एकटं जायला घाबरतं, अंगाला हात लावू देत नाही, “कुणाला सांगू नको म्हणाले” असं म्हणतं, तर हा प्रश्न फक्त दारूचा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं घरची समजूत, जमातीची बैठक, काही चालत नाही.

शरियत, हिजानत आणि कोर्ट

आपल्याकडे ताब्याचा विषय निघाला की दोन वाक्यं लगेच ऐकू येतात. “मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा.” आणि “आईनं दुसरा निकाह केला की तिचा हक्क गेला.”

हनफी फिकहनुसार हिजानत, म्हणजे लेकराच्या सांभाळाचा हक्क, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी बालिग होईपर्यंत आईकडे असतो. शिया फिकहमध्ये मुलासाठी दोन वर्षं आणि मुलीसाठी सात वर्षं धरतात. आईनं लेकराशी मेहरमचं नातं नसलेल्या पुरुषाशी निकाह केला तर तिचा हिजानतचा हक्क जातो, असंही फिकहच्या किताबांत आहे. बाप हा वली मानला जातो. म्हणजे ती दोन वाक्यं हवेतून आलेली नाहीत.

पण भारतातलं कोर्ट ताबा ठरवताना तिथंच थांबत नाही. मुस्लिम कुटुंबातल्या ताब्याचा अर्जही पालक आणि पाल्य अधिनियम १८९० खाली होतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे कोर्ट मुलाला लागू असलेला वैयक्तिक कायदा विचारात घेतं, त्याचबरोबर मुलाचं वय, मुलगा की मुलगी, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, आणि मुलाचं हित बघतं. मूल समजून-उमजून मत देण्याइतकं मोठं असेल तर त्याचं मतही कोर्ट विचारात घेऊ शकतं. यातलं सर्वांत वरचं स्थान मुलाच्या हिताला, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे.

तीन निकाल लक्षात ठेवा.

२००६ मध्ये लेखा विरुद्ध पी. अनिल कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आईनं दुसरं लग्न केलं, एवढ्याच कारणावरून तिला ताबा नाकारता येत नाही. ते कुटुंब मुस्लिम नव्हतं, पण दुसऱ्या लग्नाकडे कोर्ट कसं बघतं ते त्यातून कळतं.

२०१० मध्ये अतहर हुसेन विरुद्ध सय्यद सिराज अहमद हे मुस्लिम कुटुंबाचं प्रकरण आलं. मुलांची आई वारली होती, वडिलांनी दुसरा निकाह केला होता आणि मुलं आजोळी होती. पालकत्व वेगळं आणि ताबा वेगळा, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम ताबा आजोळच्या माणसांकडेच राहू दिला. वडील वली होते, तरीही.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा त्याच्या मुस्लिम आईला दिला. मुलगा सात वर्षांच्या वर होता, तरी वैयक्तिक कायद्याच्या नियमापेक्षा मुलाचं हित जड ठरलं.

या तिन्हींचं सार अब्बू आणि अम्मी दोघांनीही नीट ऐकावं. “मी बाप आहे” किंवा “मी आई आहे” एवढ्यावर ताबा मिळत नाही. “ती दुसरीकडे नांदते” किंवा “त्यानं दुसरी केली” एवढ्यावर ताबा जातही नाही.

सावत्र या शब्दाबद्दल आपल्या मनात जी अढी असते तिच्याबद्दलही थोडं. उम्मे सलमा (रजि.) यांची पहिल्या पतीपासूनची मुलं प्रेषितांच्या (स.) घरात वाढली. त्यातल्या उमर बिन अबी सलमांना दस्तरखानवर बिस्मिल्लाह म्हणून, उजव्या हातानं, आपल्या पुढचं खायला प्रेषितांनीच शिकवलं. दुसरा दाखला थेट आपल्या विषयाचा आहे. हजरत अनस (रजि.) यांची आई उम्मे सुलैम यांचा दुसरा निकाह अबू तल्हा (रजि.) यांच्याशी झाला होता. शराब हराम झाल्याची मुनादी झाली त्या दिवशी अबू तल्हांच्या घरी मजलिस बसली होती आणि कमी वयाचे अनसच सगळ्यांना पेले भरून देत होते. सहीह बुखारीत हा वाकिया आहे. मुनादी ऐकताच त्या सावत्र वडिलांनी मुलाला ती सगळी ओतून टाकायला सांगितलं. सावत्र बापाचं घर असं असू शकतं. म्हणून “सौतेला आहे, असंच करणार” हे म्हणणं गैर. आणि “सौतेला असून एवढं करतो, एक ग्लास दिला तर काय झालं” हेही तितकंच गैर.

एका घटनेवरून ताबा बदलतो का?

बहुतेक वेळा एका घटनेनं कायमचा ताबा लगेच फिरत नाही. पण घटना कोर्टासमोर आली की काही प्रश्न विचारले जातात. उत्तरं कशी आहेत त्यावर बरंच ठरतं.

दारू एकदाच दिली की वारंवार? मुलानं चोरून प्यायली आणि मोठ्यांना नंतर कळलं, की मोठ्यानं स्वतः ग्लास भरून दिला? जबरदस्ती होती का? पिऊन त्याला गाडी चालवायला दिली का? घरात रोज दारू चालते का, मारझोड होते का? मुलाच्या शाळेवर, हजेरीवर, झोपेवर परिणाम दिसतो का? मूल त्या घरात राहायला घाबरतं का?

आणि सर्वांत मोठा प्रश्न: ज्याच्याकडे ताबा आहे त्या सख्ख्या पालकानं कळल्यावर काय केलं? आईनं त्याच दिवशी विरोध केला, मुलाला दवाखान्यात नेलं, काही दिवस माहेरी ठेवलं, मुलाच्या वडिलांना स्वतः कळवलं, तर कोर्टाला दिसतं की या घरात मुलाला सांभाळणारं माणूस जागं आहे. तिनंच “तुझ्या अब्बूला सांगशील तर बघ” म्हणून मुलाचं तोंड बंद केलं, तर ग्लास सावत्र वडिलांनी दिला असला तरी प्रश्न तिच्या सांभाळावर येतो. वडिलांकडच्या घरात घडलं तर हेच माप वडिलांना लागू.

सर्वोच्च न्यायालयानं १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणापासून एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी तो बदलून मागता येतो. म्हणजे आज ताबा मिळाला नाही म्हणून सगळं संपलं नाही, आणि आज मिळाला म्हणून उद्या निष्काळजी राहून चालणार नाही.

कोर्टाकडे काय काय मागता येतं?

ताबा म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं समजून आपण लढायला जातो. प्रत्यक्षात मधले रस्ते बरेच आहेत. पुष्कळदा तेच मुलाच्या फायद्याचे असतात.

पहिलं, अटी घालून मागता येतात: मूल असताना घरात दारू नको, मुलाला त्या माणसाबरोबर एकटं पाठवायचं नाही, त्याच्या गाडीवर बसवायचं नाही. दुसरं, घटना भेटीच्या दिवसांत घडली असेल तर पुढच्या भेटी कोणाच्या तरी देखरेखीखाली किंवा कोर्टाच्या आवारात व्हाव्यात, रात्रीचा मुक्काम बंद व्हावा, असा अर्ज करता येतो. तिसरं, कलम १२ खाली अंतरिम म्हणजे तात्पुरता ताबा. मूल मामाकडे, दादीकडे किंवा दुसऱ्या पालकाकडे काही महिने राहावं असं त्यात मागता येतं. चौथं, कायमच्या ताब्याचा अर्ज. पाचवं, मुलाचं समुपदेशन, आणि दारू पिणाऱ्या मोठ्या माणसाचे व्यसनमुक्तीचे उपचार.

अर्ज कुठं करायचा यावरून बरीच धावपळ होते. कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात. अब्बू नागपूरला असतील आणि मूल अम्मीकडे तुमसर, पवनी किंवा साकोलीला राहून तिथल्याच शाळेत जात असेल, तर अर्ज भंडाऱ्यात येतो, नागपूरला नाही. इथल्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं तर नागपूर खंडपीठ.

आणि जे करायचं नाही ते: मुलाला शाळेच्या गेटवरून परस्पर उचलून नेणं. राग समजतो. पण कोर्टाचा आदेश असताना असं केलं तर तो आदेशाचा भंग आहे. आदेश नसला तरी दुसऱ्या दिवशी तुम्हीच “मूल पळवणारे” ठरता आणि मूळ तक्रार बाजूला पडते. मुलाला आत्ता, या घडीला धोका असेल तर ११२ किंवा १०९८ वर फोन करा.

पुरावा कसा ठेवायचा

घटनेची तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. फोटो, व्हिडिओ, व्हाट्सअ‍ॅप मेसेज ज्या फोनवर आहेत तो फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. दवाखान्याचे कागद, शाळेची हजेरी, शिक्षकांशी झालेला पत्रव्यवहार ठेवा. दुसऱ्या पालकाला जे सांगायचं ते शांत शब्दांत लेखी कळवा. शिव्यांनी भरलेला मेसेज पुढं तुमच्याच विरुद्ध वाचला जातो.

मुलाला मात्र हेर बनवू नका. “पुढच्या वेळी पितील तेव्हा लपून व्हिडिओ काढ” असं सांगणं म्हणजे त्याला धोक्यात ढकलणं. कोर्टात काय बोलायचं ते पाठ करून घेणंही तसंच. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलू शकतात, आणि पढवलेलं लेकरू दोन प्रश्नांत ओळखू येतं. वर्गात आम्हालाही येतं.

हा मामला मोहल्ल्याच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा प्रकरणातल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा जाहीर करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याच घरात राहणाऱ्या अम्मीनं काय करावं?

सर्वांत अवघड जागा तिची आहे. बोलावं तर नवरा घराबाहेर काढेल, न बोलावं तर लेकरू हातचं जाईल. आणि आधीच्या नवऱ्याला कळलं तर तो हेच कारण करून ताबा मागेल. या भीतीपोटी किती बाया वर्षानुवर्षं गप्प राहतात.

तिनं तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, तक्रार करणारी आई कोर्टासमोर कमजोर होत नाही. लपवणारी होते. दोन, नवरा पिऊन मारझोड करत असेल, धमकावत असेल तर घरगुती हिंसाचार कायदा २००५ तिच्यासाठी आहे. त्यात संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, आणि कलम २१ खाली लेकराचा तात्पुरता ताबाही न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मागता येतो. तीन, वकिलाच्या फीसाठी अडायचं कारण नाही. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

भंडाऱ्यात कुठं जायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम जिल्हा न्यायालयातून चालतं. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. फोनवर सल्ला हवा तर १५१०० हा क्रमांक आहे. मुलांसाठी १०९८, आणि हा फोन मूल स्वतःही करू शकतं. महिलांसाठी १८१. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६. मनावर आलेल्या ताणासाठी टेली-मानसचा १४४१६.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्यांनाच भेटायचं म्हणून सांगा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल घरात सुरक्षित नसेल तर समिती त्याच्या संरक्षणाची आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय करते. मात्र अम्मी आणि अब्बू यांच्यातला ताब्याचा वाद कायमचा मिटवणं समितीचं काम नाही, ते कोर्टाचं.

जमातीचे जिम्मेदार, मशिदीचे इमाम यांची मदत नक्की घ्या. दोन्ही घरांना समोरासमोर बसवणं, मूल तूर्त कुठं राहील यावर राजी करणं, पिणाऱ्याला उपचाराला नेणं, हे काम ते चांगलं करू शकतात. पण स्टॅम्पपेपरवर लिहिलेली तडजोड कोर्टाला बांधत नाही. तलाकच्या वेळी “ताबा कधी मागणार नाही” असं लिहून दिलेलं असलं तरी मुलाच्या हितासाठी कोर्टात जाता येतं. झालेली तडजोड पक्की करायची असेल तर तीच कोर्टात दाखल करून आदेश करून घ्या.

लेकराशी काय बोलायचं?

चौदा-पंधरा वर्षांचं पोर या सगळ्यात स्वतःला गुन्हेगार समजू लागतं. “माझ्यामुळे अम्मीचं घर मोडते” हा विचार त्याला खात असतो. त्यातून ते खोटं बोलतं, कधी दारू पाजणाऱ्यालाच पाठीशी घालतं. ज्या माणसानं त्याला मोबाईल घेऊन दिला, बाइकवर फिरवलं, “तू तर माझा यार” म्हटलं, त्याच्याविरुद्ध बोलायला त्याची जीभ रेटत नाही.

म्हणून पहिलं वाक्य हेच असावं: “चूक तुझी नाही. मोठ्या माणसानं तुला द्यायला नको होतं.” मग एकदाच, शांतपणे, काय झालं ते विचारा. तेच तेच दहा नातेवाइकांपुढं वदवून घेऊ नका. हराम-हलालची गोष्ट त्याला माहीत आहेच. सूरह माइदामधली मनाई आपल्या मुलांनी मदरशात ऐकलेली असते. त्या दिवशी त्याला वाज नको, आधार हवा. नंतर दोन-चार दिवसांनी शरीराचंही सांगा. मेंदूची वाढ विशीच्या पुढेही चालू असते, आणि या वयात लागलेली सवय सुटायला फार जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की दारूचं कोणतंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. “थोडी चालते” म्हणणाऱ्याला पोरानं द्यायचं उत्तर त्याच्याकडे तयार असलं पाहिजे. रात्री-अपरात्री फोन करून “मला इथून न्या” म्हणता येईल असं एक माणूसही त्याला ठरवून द्या: मामा, खाला, दादा, कोणीही. आला फोन तर आधी घरी आणायचं, विचारपूस दुसऱ्या दिवशी.

शाळेतल्या वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या. सगळं सांगायची गरज नाही. “घरात ताण आहे, लक्ष ठेवा” एवढं पुरतं. शाळा सोडायच्या वेळी मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं मात्र लेखी द्या.

ताब्याच्या भांडणात कोणाची इज्जत राहिली आणि कोणाची गेली, याचा हिशेब दोन्ही घरं वर्षानुवर्षं करत बसतात. पोरगा तोवर अठरा वर्षांचा होतो आणि ताब्याचा प्रश्नच उरत नाही. तो कोणत्या घरात राहिला हे त्या दिवशी फारसं महत्त्वाचं राहत नाही. अडचणीच्या रात्री कोणाला फोन करता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं असतं.